जन्माआधी टोचलेली लस

ढोबळेबाईंनी कुणाला माफ केल्याचं मी बारा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. वय झालं की माणूस निवळतो, जुनी भांडणं विसरतो असं म्हणतात. बाईंचं उलट होतं. त्यांची भांडणं लोणच्यासारखी मुरत जात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने एकदा नव्या तूरडाळीत जुनी मिसळून दिली, तेव्हापासून त्या मिठाच्या पुड्यासाठीसुद्धा पिंपळे सौदागरच्या दुसऱ्या टोकाला चालत जात. बरं, नुसत्या जात नसत. त्याच्या दुकानासमोर थांबत, रिकामी पिशवी दोनदा झटकत आणि मग पुढे निघत. तो बिचारा दर वेळी मान खाली घालून वजनं पुसायला लागे.

'बिचारा' हा शब्द माझा. बाईंसमोर उच्चारला असता तर माझंही नाव त्यांच्या यादीत गेलं असतं. पुढे ते गेलंच, आणि रास्त कारणासाठी गेलं.

बाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या उदगीरकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीसाठी परमुलखात. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासले. ठेंगणा बांधा, दोरी लावलेला चष्मा, सुती साडी आणि खाली पुरुषी बूट. कंपनीत सेफ्टी शूजची सवय लागली ती सुटली नाही. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाईंनी आपण होऊन आणखी एक गोष्ट मागून घेतली: लाल टॅगांचा एक अख्खा गठ्ठा.

कारखान्यात नापास झालेल्या मालाला लाल टॅग बांधतात. जाड पुठ्ठ्याचा, वर भोक, भोकात दोरा, खाली रकाने. दोष काय, कुणी पाहिला, तारीख, सही. पास मालाला हिरवं स्टिकर, आणि अजून निकाल लागायचाय अशा मालाला पिवळा 'होल्ड'चा टॅग. बाईंनी घरी आणले ते फक्त लाल. पास करण्यासारखं जगात काही भेटेल अशी त्यांची अपेक्षा नसावी.

सोसायटीत त्या टॅगांची दहशत होती. लिफ्ट करकरायला लागली की तिच्या दाराला टॅग लटके: 'दोष: आवाज. पाहिला: शि. ढोबळे.' चेअरमन तो काढून टाकत, बाई दुसरा बांधत. चेअरमननी एकदा चिडून त्यांना सभेत विचारलं की तुम्हाला दुसरा उद्योग नाही का. बाई म्हणाल्या, होता, पण रिटायर केलं. दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या स्कूटरच्या हँडलला टॅग होता: 'दोष: पार्किंग दोन जागांत. मालकाचा दोष: तोच.' लिफ्ट आठवड्यात दुरुस्त झाली. स्कूटरही सरळ उभी राहू लागली.

खंडेनवमीला बाई पाटावर आपला जाडी मोजायचा मायक्रोमीटर ठेवत, हळदकुंकू वाहत आणि शेजारी टॅगांचा गठ्ठा ठेवून त्यालाही फूल वाहत. त्या दिवशी प्रसाद घ्यायला गेलं की सुपरवायझरची गोष्ट ऐकावीच लागे. दर वर्षी तीच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाईंनी एक लॉट नापास केला होता. माल तातडीने पाठवायचा होता म्हणून सुपरवायझरने त्यांच्या लाल टॅगवर हिरवं स्टिकर डकवलं आणि ट्रक भरला. माल परत आला. चौकशी झाली तेव्हा कागदावर तपासणीसाची सही बाईंची, म्हणून मेमो बाईंना मिळाला. सुपरवायझर गप्प बसला.

बाई भांडल्या नाहीत, वर तक्रारही केली नाही. फक्त पुढची तीन वर्षं त्या माणसाच्या शिफ्टचा प्रत्येक नग त्यांनी स्वतः मोजला. नियमाप्रमाणे शंभरातले पाच तपासायचे, त्या शंभरच्या शंभर तपासत. त्यात नियमबाह्य काही नव्हतं. त्याचा माल अडायचा, ट्रक उभा राहायचा, त्याला वरून बोलणी बसायची. शेवटी त्याने आपण होऊन बदली मागून घेतली. जायच्या दिवशी बाईंनी त्याला पेढा दिला आणि म्हणाल्या, "तोंड गोड करा सायब. तुमचा शेवटचा लॉटबी रिजेक्ट हाय."

ही गोष्ट सांगून झाली की बाई आम्हालाही पेढा देत. तो मी दर वेळी उलटसुलट करून बघूनच तोंडात टाकायचो.

अशा बाईंच्या समोरच्या घरात आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलं, ही आमची हिंमत. मारुंजीला प्लॉटिंगच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये बंटी नावाचा एकजण पिल्लं विकायचा. रविवारी गाड्यांची रांग लागायची. माझ्या बायकोने, नीताने, त्यातलं सर्वांत लहान, तपकिरी, स्वतःच्याच शेपटीमागे गोल गोल फिरणारं पिल्लू उचललं आणि गाडीतच त्याचं नाव चकली ठेवलं. बंटीने लसीकरणाचं कार्ड दिलं. त्यावर स्टिकर होतं, शिक्का होता, सही होती. मी ते गाडीच्या खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या कडीला लाल टॅग होता: 'दोष: भुंकणे.'

चौथ्या दिवशी चकलीने भुंकणं बंद केलं. खाणंही बंद केलं. उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या खाली रक्त होतं आणि घरभर असा वास होता की तो मला आजही ओळखू येईल. आम्ही सांगवीला डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्यांनी तपासणीची पट्टी लावली. पार्व्हो. पिल्लांच्या आतड्यांना खाणारा विषाणू, त्यावर नेमकं औषध नाही. सलाईन लावायचं, उलट्या थांबवायच्या, बाकीचं पिल्लाने करायचं. पाच-सहा दिवस तगली तर जगेल, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, पण लस दिलेली आहे, कार्ड आहे. त्या चकलीच्या पायात सुई बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की पहिल्या एका डोसाने दर वेळी संरक्षण मिळतंच असं नाही.

दुपारी आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. नीता जिन्यातच रडायला लागली. समोरचं दार उघडलं. बाई तक्रार करायलाच बाहेर आल्या असणार, कारण त्यांच्या हातात कोरा टॅग होता. पण त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या कार्डाकडे गेलं. शिक्का मारलेला कागद समोर आला आणि बाईंनी वाचला नाही असं होत नसे. त्यांनी चष्मा लावला, कार्ड उजेडात धरलं, पुढून वाचलं, मागून वाचलं आणि स्टिकरच्या कडेवरून नख फिरवलं.

"हिचा जल्म कधीचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, कार्डावर आहे ना.

"कार्डावर हाय ते मला दिसायलंय. तुम्ही वाचलंय का, ते विचारायले."

मी वाचलं नव्हतं. बाईंनी कार्ड माझ्या नाकापुढे धरलं. जन्मतारीख एका जागी, लसीची तारीख दुसऱ्या जागी. लस जन्माच्या पाच दिवस आधीची होती. स्टिकर दुसऱ्या कुठल्यातरी कार्डावरचं सोलून इथे डकवलेलं होतं, त्याचा एक कोपरा फाटका होता.

"आईच्या पोटात सुई घातली का त्यानं?" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सायब, तुम्ही हिंजवडीला टेस्टिंगमधीच काम करता ना?"

मी होय म्हणालो. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मी पगार घेतो. माझं नाव यादीत गेलं ते त्या क्षणी.

त्यांनी टॉवेलातली चकली नीताच्या हातातून घेतली. घेतली म्हणजे एखादा नग उचलावा तशी, अंगापासून लांब धरून. म्हणाल्या, "हिला मरू द्यायचं न्हाई." मला भरून आलं. मी काही आभाराचं बोलणार, तेवढ्यात त्यांनी वाक्य पुरं केलं. "मेलेला पीस बोलत न्हाई. तो म्हणंल, तुमच्या घरी मेलं, तुमीच मारलं. मला जिता पीस पायजे, त्याच्या दारात उभा करायला."

पुढचा आठवडा चकली बाईंच्या घरात होती. आम्ही दोघं नोकरीवाले, रजा अर्धी-अर्धी मिळत होती, पण खरा कारभार बाईंचा. त्यांनी पहिलं काम केलं ते फिनेलने दोन्ही घरं आणि जिना धुण्याचं. कमरेला पदर खोचून तीन तास घासत होत्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना अभिमानाने सांगितलं, तर त्या म्हणाल्या की फिनेलने हा विषाणू मरतच नाही, ब्लीच पाण्यात कालवून लावावं लागतं, आणि मातीत तर तो महिनोन् महिने टिकतो. बाईंचा चेहरा पडलेला मी प्रथमच पाहिला. घरी येऊन त्यांनी फिनेलच्या बाटलीला टॅग बांधला. 'दोष: काम करत नाही.' मग थोडा विचार करून खाली लिहिलं, 'वापरणाराचा दोष: न विचारता वापरले.' आणि स्वतःचीच सही केली. दुसऱ्या दिवशी ब्लीचने सगळं पहिल्यापासून धुतलं.

सलाईनसाठी रोज रिक्षाने सांगवीला जायचं. तिथे बाई मनगटावरचं घड्याळ बघत थेंब मोजत बसायच्या आणि वेग कमी-जास्त झाला की डॉक्टरीणबाईंना हाक मारायच्या. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर चकलीचं वजन. भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला होता, त्यावर वर एक रेघ, खाली एक रेघ. कंपनीत मशीन बिघडतंय का ते ओळखायला असा कागद ठेवतात म्हणे. ठिपका खालच्या रेघेच्या खाली गेला की मशीन थांबवायचं. इथे थांबवायला मशीन नव्हतं.

त्या चकलीशी बोलायच्या. मी दाराशी उभा राहून ऐकायचो. गोंजारणं, लाडाचे शब्द, असलं काही नाही. बंटीच्या सात पिढ्यांचा उद्धार. सिरिंजने औषध तोंडाच्या कोपऱ्यातून सोडत त्या तिला विचारत, "जगतीस, का त्याला सोडतीस?" चकली डोळे अर्धे उघडायची. बाई पुन्हा तेच विचारायच्या.

तिसऱ्या दिवशी ठिपका खाली गेला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन मनाची तयारी ठेवायला सांगितलं. घरी आलो तेव्हा चकलीचे कान थंड पडले होते. नीता तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. तिचं सारखं एकच चाललं होतं, आपण आणल्या दिवशी तिला आंघोळ घातली, त्यानेच झालं. बाईंनी ते ऐकलं आणि गठ्ठ्यातून एक टॅग काढला. मला वाटलं, झालं, आता नापासचा टॅग लागणार. बाईंनी टॅगवरच्या 'रिजेक्ट' या छापील शब्दावर पेनाने काट मारली, त्यावर 'होल्ड' असं लिहिलं आणि तो चकलीच्या टोपलीला बांधला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी छापील टॅगवर खाडाखोड केली नव्हती. खाडाखोड करणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं काय मत होतं ते सबंध इमारतीला ठाऊक होतं.

"निकाल लागला न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "रडणं बंद कर नीता. पाणी गरम कर, पिशव्या भर, कुशीला लाव तिच्या."

पाचव्या दिवशी दुपारी मला ऑफिसात बाईंचा फोन आला. त्या सहसा फोन करत नसत. म्हणाल्या, तुमच्या कुत्रीनं माझा टॅग चावला. मी विचारलं, म्हणजे? "म्हंजे उठली, टोपलीच्या भायेर आली, टॅग चावला अन् माझ्या बुटावर मुतली." फोन ठेवून दिला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो, कारण डोळ्यांतलं पाणी थांबेना.

मग हळूहळू खाणं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी उकडलेली कोंबडी चमचा-चमचा द्यायला सांगितली. बाई लिंगायत, त्यांच्या घरात कधी अंड्याचं टरफलही आलेलं नव्हतं. कोंबडी नीता आमच्याकडे उकडायची, पण चकली बाईंच्या हातूनच खायची, दुसऱ्या कुणाकडून तोंडच उघडायची नाही. दोन दिवस बाईंनी चिमट्याने भरवलं. तिसऱ्या दिवशी चिमटा ठेवून दिला आणि बोटांनी भरवलं. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाल्या, "याचाबी जाब घेणार त्याच्याकडून."

बंटीच्या दारात लगेच चकलीला न्यायचं त्यांच्या मनात फार होतं. पण बरं झालेलं पिल्लूही काही आठवडे रोग पसरवू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा त्या थांबल्या. वैर बंटीशी होतं, त्याच्या पिल्लांशी नव्हतं. चकलीला घरी ठेवून त्या पहिल्या रविवारी मला एकट्याला घेऊन गेल्या, बूट आणि साडीही बदलून. मागणी एकच होती: चकलीबरोबरची बाकीची सहा पिल्लं कुणाकुणाला दिली त्यांचे फोन नंबर.

"एक पीस नापास झाला की अख्खा लॉट थांबवायचा," त्या मला गाडीत समजावून सांगत होत्या. "एवढी साधी गोष्ट."

बंटी पस्तिशीचा, गळ्यात साखळी, वागायला गोड. त्याने खुर्ची पुढे केली. सगळं ऐकून म्हणाला, "मावशी, कुत्र्याच्या जातीचं असतंय असलं. येखादं जातंय. तुमी असं करा, दुसरं घिऊन जावा. आपल्याकडून भेट समजा."

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्या त्याच्यामागे बघत होत्या. त्याच कुंपणात, त्याच मातीत नवी पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. त्यांनी विचारलं, ही जागा कशानं धुतली. बंटी म्हणाला, "फिनेल मारलंय की भरपूर." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पर्समधून टॅग काढून त्याच्या गेटला बांधला आणि आम्ही परत आलो.

पुढच्या रविवारी त्यांनी घडीचं स्टूल घेतलं. बंटीच्या गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे, सरकारी जागेत, कडुनिंबाखाली त्या स्टुलावर बसल्या. मांडीवर कार्डाची मोठी झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या कव्हरात. आरडाओरडा नाही, बंटीबद्दल एक शब्द नाही. गाडी थांबली, माणसं उतरली की त्या एवढंच म्हणायच्या, "कार्ड वाचून घ्या. आधी जल्मतारीख बघा, मग लसीची." आणि झेरॉक्स पुढे करायच्या. माणसं वाचायची. काही हसायची, मग हसू थांबायचं. बरीच तिथूनच परत फिरायची. नऊ ते एक, दर रविवारी. मी गाडीत बसून ऑफिसचं काम करायचो. मला साधं रिक्षावाल्याशी भांडता येत नाही, पण त्या रविवारांची मी वाट बघायला लागलो होतो हे कबूल करतो. परत फिरणारी प्रत्येक गाडी बघून मला गोड वाटायचं. चकलीचे थंड कान मी विसरलो नव्हतो.

बंटीने सगळे उपाय केले. आईच्या हाती चहा पाठवला. बाईंनी चहा घेतला, कप विसळून परत दिला आणि बसून राहिल्या. मग गावातली दोन पोरं बुलेटवर येऊन धूर सोडून गेली. बाईंनी पदर नाकाला लावला. मग त्याने पोलिसाला बोलावलं. पोलिसाने कार्ड वाचलं, दोनदा वाचलं आणि बंटीलाच विचारलं, "काय रे, पोटात लस देतो का तू?" चौथ्या रविवारी बंटीने गेटबाहेर येऊन मोबाइलमधले सहा नंबर बाईंना उतरवून दिले.

ते सहा फोन बाईंनी आमच्या बैठकीत बसून केले. सहाही पिल्लं गेलेली होती. पण त्याहून वाईट निराळंच होतं. सहाही घरांनी दोष स्वतःकडे घेतला होता. एका घरात दूध पाजलं म्हणून गेलं अशी समजूत. आणखी एका घरी आजोबांनी पोळीचा तुकडा टाकला होता, तर घरातली माणसं त्यांच्याशी नीट बोलत नव्हती. एक बाई फोनवर म्हणाल्या की आमच्या हाताला यशच नाही, आम्ही आता कधी प्राणी पाळणार नाही. बाईंनी प्रत्येकाला तेच वाक्य सांगितलं. "तुमची चूक न्हाई. माल आधीच नापास होता. हिरवा शिक्का खोटा होता." शेवटच्या फोनवर तो पोळी टाकणारा म्हातारा स्वतः आला. बाईंनी वाक्य सांगितलं. त्याने विचारलं, हे पुन्हा एकदा सांगता का? मग बाई म्हणाल्या, "व्हय, फोन स्पीकरला लावा. घरातल्या समद्यांना ऐकू द्या." आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, नंबर मिळाले, काम झालं. बाईंनी नंबरांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "माझ्या नावावरबी खोटं स्टिकर लावलं होतं," त्या म्हणाल्या. "मेमो मला मिळाला. मला कुणी फोन न्हाई केला." शेड अजून चालूच होती. पाचव्या रविवारी त्या पुन्हा स्टुलावर होत्या. या वेळी सोबत चकली होती, डॉक्टरीणबाईंची मुदत संपल्यामुळे. गेटच्या आत तिला त्यांनी पाऊल टाकू दिलं नाही.

दिवाळीआधी बंटीने हात टेकले. नवी पिल्लं दुसऱ्या स्वच्छ जागी हलवली, त्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन वेळच्या वेळी लस टोचली आणि ती घरोघर गेली तेव्हा प्रत्येक कार्ड बाईंनी भिंग लावून वाचलं. मग शेड बंद झाली. आता बंटी तिथूनच पाण्याचे जार पोचवतो. बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक जार मागवून मापट्याने पाणी मोजलं. बरोबर भरलं. त्यांची जरा निराशा झाल्यासारखी वाटली.

गेल्या वर्षी बाई उदगीरला कायमच्या परत गेल्या. मला वाटलं, थकल्या असतील. पण कारण निराळं होतं. त्यांच्या वाट्याच्या जागेत चुलतदिराने भिंत दोन फूट पुढे घेतली होती. सांगताना बाईंच्या तोंडावर कितीतरी दिवसांत न दिसलेलं तेज होतं. सामान टेम्पोत भरलं. त्यांचा रस्ता सोलापूरचा, मारुंजी नेमकी उलट्या दिशेला, तरी त्यांनी ड्रायव्हरला आधी मारुंजीला घ्यायला लावलं. मी, नीता आणि चकली गाडीतून मागे गेलो.

कडुनिंबाखाली बाईंनी स्टूल उघडलं आणि बसल्या. दिवस रविवारचा नव्हता, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बंटी जार भरत होता. त्याने बाईंना पाहिलं, सामान भरलेला टेम्पो पाहिला, हात पुसले आणि रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "मावशी, ऐकलंय तुमी गावाला चालला. माझा धंदा तर गेला. आता तरी माफ करा."

मला वाटलं, आता जाता जाता म्हणतील काहीतरी. म्हणाल्याच.

"माझं पिल्लू जितं हाय बाबा. मी कोण माफ करणार? सहा घरं हायत, नंबर तूच दिले होते. त्यांना फोन लाव. सहाही हो म्हणाले की मला उदगीरला कळव."

बाईंनी स्टुलाची घडी केली आणि ते माझ्या हातात दिलं. मी विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या की जागा बंद हाय, माणूस बंद न्हाई; त्यानं पुन्हा पिल्लं आणली तर इथं तुम्ही बसायचं. मी विचारलं, चकलीच्या पट्ट्याला अजून तो तुमचा चावलेला 'होल्ड'चा टॅग आहे, तो तरी आता काढू का? त्यांनी बंटीकडे बोट केलं. "ते फोन लागूस्तोवर ऱ्हाऊ द्या." आणि माझं काय, असं मी हसत विचारलं. त्या हसल्या नाहीत. "तुमचं बघू. कार्ड वाचायची सवय लागली का ते नीता सांगंल मला."

त्या टेम्पोत चढल्या. चकली आता चांगली मोठी झालेली. तिने दोन पाय टेम्पोच्या दारावर ठेवले आणि खिडकीतून बाहेर आलेला बाईंचा हात चाटायला लागली. इतक्या वर्षांत बाईंनी तिला एकदाही गोंजारलं नव्हतं. तेव्हाही गोंजारलं नाही. फक्त हात तसाच धरून ठेवला, तिचं पुरं होईपर्यंत. ड्रायव्हरने दोनदा गाडी सुरू करून बंद केली. मग बाईंनी हात पदराला पुसला, समोर बघत "चला" म्हणाल्या आणि टेम्पो निघाला.

टॅग अजून चकलीच्या पट्ट्याला आहे. दर महिन्याला उदगीरहून फोन येतो. बाई आधी विचारतात, त्याने फोन लावले का. मग विचारतात, कुत्रीचं वजन किती.